सांगून जावं

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या जून महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी आमच्या इमारतीतली एक मुलगी घरी आली. मुंबईच्या एका कॉलेजात तिचं पहिलं वर्ष नुकतंच झालं होतं. आता घराजवळ, कल्याणलाच यायचं तिनं ठरवलं होतं. सकाळच्या लोकलची गर्दी, आजीचं आजारपण, पैशांची ओढाताण अशी तीन-चार कारणं होती. अर्ज भरून झाला होता. नव्या कॉलेजात जागाही होती. तिचा प्रश्न निराळाच होता. ती म्हणाली, ‘‘काका, सगळं ऑनलाइन झालंय. आता सरांना आणि मैत्रिणींना मुद्दाम सांगायलाच हवं का? कळेलच की त्यांना आपोआप.’’

मी म्हटलं, ‘‘बस. चहा घे. हा प्रश्न मला छत्तीस वर्षांपूर्वी पडला होता आणि त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं.’’ तिला जे सांगितलं, तेच आज आपल्यालाही सांगणार आहे.

आमच्या या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कॉलेज आणि रेल्वे या गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला येऊन थांबली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. गाडी आली, पण कॉलेज यायला शंभरावर वर्षं लागली. आमच्या आधीच्या पिढीतली कल्याणची मुलं शिकायला माटुंग्याच्या रुईयात, दादरच्या कीर्तीत जायची. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज निघालं १९६९ साली आणि कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२ साली. त्यानंतर एकेक करत इथं बरीच कॉलेजं झाली. तरीही मुलं उलटसुलट फिरतच राहिली. कल्याणचा ठाण्याला, ठाण्याचा मुंबईला, डोंबिवलीचा दोन्हीकडे. विषय मिळत नाही, मार्क कमी पडतात, मित्र तिकडे आहेत, कारणं काहीही असोत. आपल्याकडं मुलानं कुठं शिकायचं ते पुष्कळदा लोकलचा पास ठरवतो.

मीही त्यातलाच. १९८८ साली बारावी झालो आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. राहायला कल्याणला, जुन्या गावात. अब्बांचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक काचेचं कपाट आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी आठ-दहा घड्याळं. सकाळी कल्याणहून स्लो लोकल पकडायची. ठाकुर्ली, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. ती लवकर पोचवायची, पण आम्ही स्लोच धरायचो, कारण डोंबिवलीला माझा मित्र चढायचा आणि मुंब्र्याला आमच्या वर्गातली एक मुलगी. ठाण्यापर्यंत निम्म्या जगाचा निकाल लावून व्हायचा.

कॉलेजात मराठीचे एक सर होते. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर कविता असतात हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. एक दिवस तास संपल्यावर म्हणाले, ‘‘वही ठेवून जा.’’ चार दिवसांनी परत दिली. कौतुकाचा एक शब्द नाही, पण जिथं जिथं मी उगाच अवघड शब्द घातला होता तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ. त्या रेघांनी मला जेवढं शिकवलं तेवढं पुढं कुणी शिकवलं नाही. घरात आमची बोली वेगळी, मदरशातली अक्षरं वेगळी. मराठीत लिहिणं हा माझा हट्ट होता. त्या हट्टाकडं बाहेरच्या जगातल्या कुणीतरी पहिल्यांदाच गंभीरपणे पाहिलं होतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मला पहिल्यांदा नेलं तेही सरांनीच. दुसऱ्या वर्षी कॉलेजचं भित्तिपत्रक मी पाहायचं, असं त्यांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं.

आणि फेब्रुवारीत अब्बांच्या डोळ्यांचं निदान झालं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात काचबिंदू. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड काचांचा चष्मा आला, पण काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही. घड्याळजीचं सगळं भांडवल म्हणजे डोळा. चिमट्यात धरलेला स्क्रू त्यांना दिसेना. एकदा गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा बारीक भाग टेबलावरून खाली पडला, आणि अब्बा, अम्मी, मी असे तिघं दुकान बंद करून तासभर जमीन चाचपत बसलो. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. तरी मला जे कळायचं ते कळलं. भिंग आता माझ्या डोळ्याला लागायचं होतं.

ठाण्याहून परतायला मला दुपारचे तीन वाजायचे. कल्याणच्या कॉलेजात सकाळचे वर्ग होते, अकराला सुटी. म्हणजे अकराला दुकान उघडता येत होतं. हिशेब सरळ होता. दुसऱ्या वर्षाला कल्याणला यायचं. एकाच विद्यापीठातली बदली म्हणून कागदही फार नव्हते. जुन्या कॉलेजचा ना-हरकत दाखला, लायब्ररीचं आणि जिमखान्याचं देणं नसल्याचा शिक्का, ट्रान्सफर सर्टिफिकेट, संपलं.

कागद सोपे होते. तोंड उघडणं अवघड होतं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, मी कुणाला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. सरांना वाटेल, एवढा जीव लावला आणि हा निघाला, ही एक भीती. मित्र म्हणतील, थांब, काहीतरी मार्ग काढू, आणि मी खरंच थांबेन, ही दुसरी. पण सगळ्यात खाली होती ती लाज. बापाला दिसत नाही म्हणून दुकानात बसायचंय, हे वाक्य अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला कवी म्हणून मिरवायला लागल्यानंतर जड जातं. श्रोतेहो, गरिबीची लाज वाटू नये असं आपण भाषणात सांगतो. पण ती वाटते. निदान त्या वयात तरी वाटते.

बिंग फुटलं ते पासामुळं. विद्यार्थ्यांना रेल्वेचा सवलतीचा पास मिळतो, त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म आणावा लागे. माझा तिमाही पास मार्चअखेर संपला. पुन्हा कशाला काढायचा म्हणून एप्रिलमध्ये परीक्षेला मी रोज तिकीट काढून जाऊ लागलो. डोंबिवलीच्या मित्रानं हातातलं तिकीट पाहिलं. म्हणाला, ‘‘फॉर्म का नाही घेतलास?’’ मी म्हटलं, ‘‘विसरलो.’’ त्यानं माझ्याकडं पाहिलं. तीन महिन्यांच्या पासाचे पैसे वाचवायला जो पंधरा दिवस आधी रांगेत उभा राहतो, तो फॉर्म विसरत नाही, हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. मीही नाही. शेवटचा पेपर झाल्यावर सगळे वडा खायला गेले, मी डोकं दुखतंय म्हणून सटकलो. त्यानंतर त्या डब्यात मी बसलो नाही.

जूनमध्ये निकाल लागला आणि मी दाखल्यासाठी ठाण्याला गेलो. अर्जावर विभागाच्या प्राध्यापकांची सही लागेल असं ऑफिसात सांगितलं. हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर गुपचूप काम उरकायचा माझा बेत होता. वर गेलो. मराठी विभागाच्या दाराशी फळा होता, त्यावर नव्या वर्षाच्या भित्तिपत्रकाची नावं लिहिलेली. पहिलं नाव माझं होतं.

सरांनी अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘घरगुती अडचण’. त्यांनी विचारलं, ‘‘घरगुती अडचण म्हणजे काय?’’ तेव्हा मी सांगितलं. उभ्याउभ्यानं, खाली बघून, सगळं. सर ऐकून घेत होते. सही केली. मग म्हणाले, ‘‘हे फेब्रुवारीत का नाही सांगितलंस? मी तुला थांबवलं नसतं. पण तिकडच्या मराठीच्या प्राध्यापकांना तेव्हाच सांगून ठेवलं असतं. फीचं काही बघता आलं असतं. आणि इथं मुंब्र्याच्या त्या मुलीला भित्तिपत्रकाचं काम हवं होतं. तिला मी नाही म्हटलं, तुझ्यासाठी.’’

यातलं शेवटचं वाक्य माझ्या आजही कानात आहे. मला वाटत होतं, माझं न सांगणं हा माझ्या एकट्याचा खाजगी मामला आहे. पण माझ्यासाठी एक जागा अडवून ठेवलेली होती, आणि मी गप्प राहिलो म्हणून ती दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती.

सरांनी एका कोऱ्या कागदावर चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली, कल्याणच्या प्राध्यापकांच्या नावे. निघताना म्हणाले, ‘‘आणि ग्रंथसंग्रहालय सुटलं म्हणून रडू नकोस. ठाण्याचं १८९३ सालचं आहे. तुमच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. तुझ्या घरापासून चालत जाता येईल.’’ मी बाहेर पडलो, तेव्हा सरही मागून आले, आणि फळ्यावरचं माझं नाव त्यांनी डस्टरनं पुसलं. रागानं नाही. जागा मोकळी करायला.

त्या चिठ्ठीमुळं कल्याणला मला पहिल्याच दिवशी कुणीतरी नावानं ओळखलं. १९९१ साली मी मराठी घेऊन बी. ए. झालो. पुढं शिकलो नाही. दुकान चालवलं, कविता लिहिल्या.

पुढं वाचनात आलं, की शिक्षकानं लिहिलेल्या अशा पत्रांना मोठा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनमधल्या विद्वानांना त्यांच्यासाठी पत्रं दिली. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना अभ्यास अर्धा टाकून मायदेशी परतावं लागलं. पण लंडन सोडताना त्यांनी विद्यापीठाकडून परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती, चार वर्षांच्या मुदतीची. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली ते लंडनला परतले. तेव्हाही सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. दार बंद न करता जाणं म्हणजे काय, ते यात दिसतं.

आपले नामदार गोखले घ्या. कोल्हापूरचं राजाराम, पुण्याचं डेक्कन आणि मुंबईचं एल्फिन्स्टन, अशी तीन कॉलेजं करून ते १८८४ साली बी. ए. झाले. थोरले भाऊ आपल्या पंधरा रुपये पगारातले आठ रुपये त्यांना पाठवत. तेव्हा कॉलेज बदललं म्हणून कुणी लाजायचं कारण नाही. या देशातले मोठे लोकसुद्धा अडीअडचणीनं, पैशानं, विषयासाठी एका कॉलेजातून दुसरीकडं गेलेले आहेत.

आता मित्राची गोष्ट. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती मला सांगायला अजूनही कठीण जाते.

२००३ साली डोंबिवलीत एका काव्यवाचनाला मला बोलावलं होतं. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ पुढं आले. पोट सुटलेलं, केस विरळ. तो माझा लोकलमधला मित्र होता. चौदा वर्षांनी भेटलो. चहाला गेलो. मुलंबाळं, नोकरी, सगळं बोलून झालं. मग कप खाली ठेवून तो म्हणाला, ‘‘एक विचारू? मी त्या दिवशी ते बोललो नसतो, तर तू कॉलेज सोडलं नसतंस ना?’’

मला आधी आठवेचना. मग आठवलं. जानेवारीत भित्तिपत्रकासाठी माझं नाव ठरलं, तेव्हा तो चेष्टेत म्हणाला होता, ‘‘याचं नाव वर टाकलं तर पोरांना वाटेल उर्दूचा अंक निघाला.’’ सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

श्रोतेहो, तो काळ आठवा. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली आणि तिची झळ कल्याण-ठाण्यापर्यंत आली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्याला पाचच वर्षं झाली होती. हवेत पुन्हा काहीतरी तापत होतं. अशा दिवसांत माझ्यासारखा एक मुलगा कुणाला न सांगता गटातून नाहीसा होतो, तेव्हा मित्रांनी काय समजायचं? त्यांनी त्यांच्याजवळ होतं ते कारण लावलं. त्या बिचाऱ्यानं ते स्वतःवर घेतलं. चौदा वर्षं. म्हणाला, ‘‘दोनदा तुझ्या दुकानापर्यंत आलो. तू भिंग लावून काम करत होतास. परत गेलो.’’

मी त्याला अब्बांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे माझं बोलणं लागलं नव्हतं?’’

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. पण एकदा गप्प राहून जे झालं ते समोर बसलं होतं. मी म्हटलं, ‘‘लागलं होतं. थोडं. पण मी गेलो ते त्यासाठी नाही.’’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि त्या दोन्ही मी एप्रिल १९८९ मध्ये, तो हातातल्या तिकिटाकडं पाहत असताना, दोन मिनिटांत सांगू शकलो असतो. मी सांगितल्या नाहीत, म्हणून एका चांगल्या माणसानं उगाच चौदा वर्षं ओझं वाहिलं. तो आजही माझा मित्र आहे. अब्बा २००६ साली गेले, तेव्हा खांदा द्यायला तो होता. पण मधली चौदा वर्षं परत मिळाली नाहीत.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, की बाई, आपण कारण सांगितलं नाही तरी कारण राहत नाही असं होत नाही. लोक आपापल्या मनानं भरतात. आणि माणसं बहुतेक वेळा वाईटच कारण भरतात, कधी आपल्याबद्दल, कधी स्वतःबद्दल.

ती म्हणाली, ‘‘पण सांगायचं कसं?’’ तेव्हा मला जे सुचलं ते सांगितलं. सांगायचं लवकर, अर्ज भरायच्या आधी जमलं तर उत्तम. शिक्षकांना समोर जाऊन सांगायचं, जिन्यात गाठून नाही. वेळ मागून पाच मिनिटं बसायचं. खरं कारण एका वाक्यात सांगायचं. कहाणी करायची नाही आणि जुन्या कॉलेजला नावंही ठेवायची नाहीत. त्यांच्याकडून काही हवं असेल, कुणाचं नाव, एखादी चिठ्ठी, एखादं पुस्तक, तर ते तिथंच मागायचं. आपल्यावर सोपवलेलं काम असेल तर ते कुणाकडं देता येईल हेही सांगायचं, म्हणजे जागा अडत नाही. मित्रांना मात्र सगळ्यांना एकदम नाही, जो सर्वात जवळचा आहे त्याला आधी, एकट्याला. त्याला दुसऱ्याकडून कळता कामा नये. तो रागावला तर रागावू द्यावा. राग चार दिवसांत जातो. आणि एखाद्याचं बोलणं लागलं असेल तर तेही सांगावं, म्हणजे त्यालाही कळतं की आपण ते कारण म्हणून वापरत नाही आहोत.

शिक्षकांनाही एक विनंती. कुणी पोरगं असं येऊन उभं राहिलं, तर पहिलं वाक्य ‘तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं’ असं नसावं. ‘घरी काय झालं?’ असं असावं.

आता काळ बदलला. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्यानं मिळवलेले श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत त्याच्याबरोबर जाऊ शकतात. चांगली गोष्ट आहे. आमच्या वेळी एका शिक्क्यासाठी तीन खेपा व्हायच्या. पण त्या तीन खेपांत कुणीतरी विचारायचं, का चाललास? पडद्यावरचा अर्ज ते विचारत नाही. त्याच्या रकान्यात तुम्ही काहीही लिहा, तो फक्त पुढं सरकतो. म्हणून आता सांगायची जबाबदारी पूर्वीपेक्षा आपल्यावर जास्त आहे.

ती मुलगी त्या आठवड्यात मुंबईला गेली. तिच्या सरांना वेळ नव्हता म्हणून दोन तास बाहेर बाकावर बसली. सांगून आली. मैत्रिणींपैकी एक अजूनही तिच्याशी नीट बोलत नाही. तिनं मला हे सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, ‘‘राहू दे. का रागावलीय ते तरी तुला माहीत आहे ना? तिलाही तू का आलीस ते माहीत आहे. बाकीचं होईल हळूहळू.’’

माझे ठाण्याचे सर आता नाहीत. त्यांनी दिलेली चिठ्ठी कल्याणच्या प्राध्यापकांनी वाचून मला परत दिली होती. ती माझ्याकडं आहे. तिच्यात माझ्या कवितेबद्दल एकही शब्द नाही. ‘मुलगा कामाचा आहे. दुपारी दुकानात बसतो. उशीर झाला तर समजून घ्यावे,’ एवढंच आहे. मी फेब्रुवारीत सांगितलं असतं, तर तीच चिठ्ठी चार महिने आधी मिळाली असती.